बंद घराच्या विहिरीचं पाणी पुन्हा पिण्याजोगं करताना

आमच्या आजोबांचं घर यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. नऊ वर्षं त्याला कुलूप होतं. मार्चात ते उघडलं आणि परसातल्या विहिरीवर गेलो, तर गडगडी गंजून घट्ट बसलेली. हातानेच दोर सोडला. बादली वर आली तेव्हा पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि त्यात पिंपळाच्या पानाची नुसती जाळी तरंगत होती. शेजारचे काकाजी कठड्याशी उभे होते. म्हणाले, "टीसीएल आणून टाक ना बापू, दोन दिवसांत साफ होते पाणी." टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. मी ती किलोभर आणली आणि तशीच वरून ओतली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी विटेच्या भुकटीसारखं लाल दिसत होतं.

घरातले सगळे घाबरले. कारण पुढे कळलं. साचलेल्या पाण्यात लोह विरघळलेलं असतं आणि विरघळलेलं असेपर्यंत ते डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन लागला की त्याचा गंज होतो आणि पाणी लाल दिसायला लागतं. शिवाय तळाला नऊ वर्षांचा पाचोळा कुजत पडलेला. पावडरीतला क्लोरीन त्या कुजक्यातच खर्ची पडला, जंतू मारायला काही उरलाच नाही. म्हणजे पावडर वाया गेली.

पावडर लागतेच, पण सगळ्यात शेवटी. आधी रंग कशाचा ते ओळखायचं, मग उपसा, मग गाळ, मग बांधकाम, आणि त्यानंतर पावडर. हा क्रम मोडला की सगळं काम पुन्हा करावं लागतं, म्हणून पुढचंही त्याच क्रमाने लिहितो.

वेळ एप्रिलअखेर ते मेचा मध्य अशी धरा. तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं, भिंत उघडी दिसते आणि शेतीची कामं नसल्याने माणसं मिळतात. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आधी, काम पुरं झालं पाहिजे.

रंग कशाचा ते आधी ओळखा

काचेच्या तीन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत दोर-बादलीने थेट विहिरीतून काढलेलं पाणी, दुसरीत मोटारीच्या पाइपातून पडणारं, तिसरीत घरातल्या नळाचं. बाटल्यांवर चिठ्ठ्या लावा आणि रात्रभर ओट्यावर हलवल्याशिवाय राहू द्या.

विहिरीचं पाणी नितळ आणि नळाचं पिवळं असेल, तर दोष विहिरीचा नाही. घरातले जुने लोखंडी पाइप आतून गंजलेत. असं असताना विहीर उपसण्यात हजारो रुपये घालणारे लोक मी पाहिलेत, म्हणून ही तीन बाटल्यांची तपासणी टाळू नका.

तिन्ही बाटल्या रंगीत असतील तर रंग नीट बघा. काढताना स्वच्छ आणि सकाळपर्यंत पिवळं-तांबूस होऊन तळाला गंजासारखा साका बसला, तर ते लोह. चहासारखा रंग असून साका बसत नसेल, तर तो पानांचा अर्क आहे. हिरवट पाणी म्हणजे शेवाळ, विहिरीच्या तोंडावर ऊन सरळ पडतं त्याची खूण. काळपट पाणी आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे तळाला हवेविना कुजणं चालू आहे. राखाडी, मातकट आणि दोन दिवस ठेवलं तरी न निवळणारं पाणी असेल तर आपली काळी माती भिंतीच्या फटींतून आत येते आहे. या मातीचे कण इतके बारीक असतात की आपल्या वजनाने ते खाली बसतच नाहीत.

आमच्याकडे लोहाच्या जोडीला यातली आणखी दोन कारणं निघाली, पाला आणि माती. बऱ्याच जुन्या विहिरींत असंच असतं.

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, एक मोठा आरसा घेऊन विहिरीवर जा आणि उन्हाचा कवडसा आत पाडा. टॉर्चपेक्षा पुष्कळ जास्त दिसतं. दगड कुठे सुटलेत, ओल कुठल्या बाजूने झिरपते, पिंपळा-उंबराची मुळं कुठून शिरलीत हे वहीत लिहून ठेवा. पाणी उतरल्यावर ही नोंद कामी येते.

आत उतरण्याचा विचार करण्याआधी

हा भाग दोनदा वाचा. विहिरीत एक माणूस उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला भाऊ उतरतो आणि मग तिसरा. अशा बातम्या आपल्याकडे वारंवार येतात. बंद विहिरीत पाला कुजून तळाला कार्बन डायऑक्साइड साचतो आणि प्राणवायू कमी होतो. कुठे सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही असतो. तो जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजून माणूस उतरतो आणि प्राणाला मुकतो.

जुनी माणसं कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर कोणीही उतरायचं नाही, हे खरं. पण तो जळत राहिला म्हणून उतरायला मोकळीक मिळत नाही. विषारी वायूने कंदील विझेलच असं नाही, आणि पेट घेणारा वायू असेल तर उघडी ज्योतच घात करते. त्यामुळे कंदिलावर भिस्त ठेवू नका.

हवा खेळती करा. पाणी उपसून तेच वरून जोराने आत मारत राहिलं की हवा ढवळली जाते. कडुनिंबाच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधून तासभर वर-खाली करायची जुनी रीतही उपयोगी आहे. सगळ्यांत चांगलं म्हणजे ब्लोअर भाड्याने आणून त्याचा पाइप तळापर्यंत सोडायचा आणि माणूस आत असेपर्यंत तो बंद करायचा नाही.

डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवू नका, आतल्या कपारीवरही ठेवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत जीव घेतो. इंजिन कठड्यापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा.

उतरणारा माणूस विहिरीच्या कामाचाच असावा. त्याच्या छातीला पट्टा आणि दोर, वर तो ओढू शकतील असे तीन जण, आणि दर दोन मिनिटांनी हाक. हाकेला ओ आली नाही तर दोर ओढायचा, उतरायचं नाही. वरच्यांनी हे आधी एकमेकांना शब्द देऊन पक्कं करावं, कारण त्या क्षणी पाय आपोआप आत धावतात.

विजेचा नियम एकच. मोटार चालू तर आत माणूस नाही, आत माणूस तर मोटारीची पिन बोर्डातून काढलेली. नुसतं बटण बंद करून चालत नाही. बंद घराच्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात, आमच्या स्टार्टरच्या पेटीत तर उंदराचं घरटं होतं. वायरमनला बोलावून वायर, अर्थिंग आणि स्टार्टर आधी बघून घ्या.

कपारीत साप असू शकतो. धामण असो की नाग, मारू नका. सर्पमित्राला बोलवा किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हिवताप विभागाने सोडलेले गप्पी मासे विहिरीत असतील तर तेही जाळीने काढून टाक्यात ठेवा, क्लोरीनने ते मरतात.

उपसा: एका दमात नको

विहीर खोदण्यात आयुष्य गेलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराने मला मोटार लावताना थांबवलं. "भाऊ, एका दमात उपसू नोका. बांध अंदर येते." बांधीव विहिरीच्या भिंतीमागच्या मातीत पाणी भरलेलं असतं आणि आतल्या पाण्याचा रेटा भिंतीला तोलून धरतो. आतलं पाणी झपाट्याने काढलं की मागचं पाणी दगडांना आत ढकलतं. काळ्या मातीत हा धोका आणखी मोठा, कारण ती पाणी पिऊन फुगते.

म्हणून आम्ही दिवसाला तीन-चार फूटच उतरवत गेलो. रोज सकाळी दोराला दगड बांधून खोली मोजायची आणि रात्रीत किती फूट पाणी आलं ते लिहायचं. त्यावरून झरे जिवंत आहेत की बुजलेत तेही कळतं. सुरुवातीचं पाणी घाण असलं तरी परसातल्या झाडांना चालतं, पण ते कठड्याशी सोडू नका, तसंच झिरपून परत येईल. निदान पन्नास फूट लांब, उताराकडे न्या.

पुष्कळदा निम्मा रंग उपशानेच जातो. उपसा, रात्रभर भरू देणं, पुन्हा उपसा असं तीनदा केल्यावर आमच्या बाटलीतला चहा फिकट झाला. मातकटपणा मात्र तसाच राहिला.

गाळ आणि गाळात सापडणारं

तळाला एक लांब बांबू टेकवा. तो मऊ भागात किती रुततो तेवढा गाळ. आमच्याकडे अडीच फूट निघाला. घमेल्याने भरून क्रेनने किंवा गडगडीवरून वर काढायचा. वरचा थर पाल्याचा, काळा आणि दुर्गंधीचा. त्याखाली चिकट माती, आणि शेवटी मुरूम आणि खडक. खडक लागला की थांबा. झऱ्याच्या तोंडाशी पहार घालू नका, नुसत्या हाताने माती काढा.

आमच्या गाळात आजीचा पितळी गडवा निघाला. काठाला चेपलेला, आतून हिरवा पडलेला. आई तो बराच वेळ हातात धरून बसली होती.

त्याच गाळात कीटकनाशकाची झाकण नसलेली प्लास्टिकची बाटली निघाली. कापसाच्या आपल्या पट्ट्यात फवारणीचे पंप विहिरीवरच भरले जातात आणि रिकाम्या बाटल्या तिथेच पडतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, तेव्हापासून ही बाटली मला साधा कचरा वाटत नाही. अशी वस्तू निघाली तर ते पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला वापरू नका. कीटकनाशकाची तपासणी वेगळी असते, ती प्रयोगशाळेत स्पष्ट शब्दांत मागून करून घ्यावी लागते. क्लोरीनने किंवा उकळून हे विष जाईल असं धरून चालू नका.

गाळ शेतात टाकायला चांगला, पण बाटली निघाली असेल तर टाकू नका. आणि कसाही गाळ विहिरीशेजारी ढीग करून ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत आत जातो.

भिंत आणि ओटा

माती कुठून येते हे आता उघड्या भिंतीवर दिसेल. जमिनीपासून खाली दहा फुटांपर्यंतच्या फटी सिमेंटने बुजवा. वरून झिरपणारं घाण पाणी याच पट्ट्यातून येतं. त्याखालच्या फटी मोकळ्या सोडा, पाणी तिथूनच येतं आणि भिंतीमागचा दाबही तिथूनच सुटतो. पिंपळाचं मूळ ओढून काढू नका, दगड घेऊनच येतं. भिंतीसरशी कापा आणि वरचं झाड मुळासकट काढा.

ओट्याकडे कोणी बघत नाही आणि खरं नुकसान तिथेच होतं. उन्हाळ्यात काळी जमीन फाटते, भेगांत हात जाईल इतकी. ओटा फुटलेला असेल तर मृगाचा पहिला पाऊस शेण, माती, सगळं घेऊन त्या भेगांतून सरळ विहिरीत उतरतो. कठड्याभोवती निदान तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला पक्का ओटा आणि त्याला पाणी दूर नेणारी नाली हवी. कठडा अडीच फूट उंच. उकिरडा, गोठा आणि संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून पन्नास फुटांच्या आत असेल तर तो हलवल्याशिवाय बाकीच्या कामाला अर्थ नाही. तोंडावर नायलॉनची बारीक जाळी ताणून बसवा. पानं, कबुतरं आणि बरंचसं ऊन तिथेच अडतं.

आता पावडर

टीसीएल ताजी आणि आयएसआय खुणेची घ्या. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली की तो उडून जातो. गोळे झालेली, वास न येणारी पावडर म्हणजे नुसता चुना.

पाणी किती ते मोजा. गोल विहिरीचा व्यास फुटात, त्याला पुन्हा व्यासाने गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग २२ ने. उत्तर लिटरमध्ये येतं. आमची विहीर १० फूट व्यासाची. गाळ काढल्यावर ५ फूट पाणी भरू दिलं, म्हणजे १० × १० × ५ × २२ = ११,००० लिटर. पाणी कमी असताना मात्रा दिली की पावडरही कमी लागते.

या पहिल्या धुण्यासाठी दर हजार लिटरला १५० ग्रॅम धरा. आमच्या विहिरीला १ किलो ६५० ग्रॅम लागली. प्लास्टिकच्या बादलीत एका वेळी पाव किलो पावडर घ्या, थोडं पाणी घालून लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं राहू द्या. चुना खाली बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्या, चुना फेकून द्या. ते पाणी भिंतीवरून चारही बाजूंनी ओता. उरलेलं बादलीने पाण्यात खोल सोडून बादली वर-खाली हलवा, म्हणजे खालपर्यंत मिसळेल. हे सगळं वरूनच करायचं. क्लोरीनचा वायू हवेपेक्षा जड असतो, तो विहिरीत साचतो. नाकाला ओला रुमाल, डोळ्याला चष्मा, आणि संडास धुण्याचं अॅसिड त्या बादलीच्या आसपासही नको.

लगेच मोटार लावून घरातल्या प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा. टाकी आधी घासून घेतलेली असावी. मग सगळं बंद करून २४ तास तसंच राहू द्या. त्या पाण्याची अंघोळही नको, जनावरांनाही नको. पाणी पुन्हा लालसर झालं तर घाबरू नका, तो लोहाचा गंज आहे, पुढच्या उपशात जातो. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसा आणि ते पाणी पिकावर किंवा नाल्यात न सोडता पडीक जागेवर सोडा.

त्यानंतर रोजच्या वापरासाठी दर हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते. तासाभराने ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, करा. पाणी फिकट पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम ही बरोबर पातळी. ओटीचं द्रावण ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असतं, त्याला विचारा.

तरीही गढूळ राहिलं तर

काळ्या मातीचा मातकटपणा पावडरीने जात नाही, त्याला तुरटी लागते. विहिरीत टाकू नका, ड्रममध्ये वापरा. दोनशे लिटरला १० ग्रॅम तुरटी विरघळवून घाला, एक मिनिट जोरात ढवळा, मग पाच-दहा मिनिटं अगदी हळू. रात्रभर ठेवा आणि वरचं पाणी काढून घ्या. निर्मळीच्या बिया घासून पाणी निवळायची रीतही आपल्याकडे जुनी आहे. हंड्या-दोन हंड्यांना ती चालते.

लोहासाठी पाणी झारीसारख्या भोकांच्या पाइपातून टाकीत पाडा, हवा लागते, गंज होतो. रात्रभर बसू द्या आणि वाळूतून गाळून घ्या.

तपासल्याशिवाय तोंडाला लावू नका

नितळ पाणी पिण्याजोगं असतंच असं नाही. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात काचेसारखं दिसणारं पाणी खारं असतं. यवतमाळ-चंद्रपुरात बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्याला रंग नाही, चव नाही, आणि ते मुलांच्या दातांत-हाडांत बसतं. उकिरड्याकडून येणारं नायट्रेट उकळल्याने उलट दाट होतं, तान्ह्या बाळाला ते घातक आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याला आहेत, रस्ता ग्रामपंचायतीत विचारा. रासायनिक तपासणीला स्वच्छ बाटली चालते. जंतूंच्या तपासणीला त्यांच्याकडचीच निर्जंतुक बाटली घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नमुना घेताना पाण्यात क्लोरीन नसावा, नाहीतर जंतू नसल्याचा खोटा अहवाल येतो. पहिल्या धुण्यानंतर आठवडाभर थांबून, पावडर न टाकता नमुना घ्या. अहवालात फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर किंवा नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर ती विहीर धुण्याभांड्याला ठेवा, पिण्याचं दुसरीकडून आणा.

घरच्या घरी एचटूएसची बाटली, म्हणजे पाण्यात जंतू आहेत का ते दाखवणारी औषध घातलेली बाटली, वापरता येते. खुणेपर्यंत पाणी भरून सावलीत ठेवा. २४ ते ४८ तासांत काळी पडली तर पाणी दूषित. आमची पहिली बाटली काळी पडली. पन्नास फुटांच्या आत शेजारचा जुना शोषखड्डा होता. काकाजींशी बोललो, त्यांनी तो बुजवून पलीकडच्या अंगाला नवा घेतला. महिन्याने दुसरी बाटली स्वच्छ राहिली आणि त्यानंतरच आईने त्या पाण्याचा चहा मांडला.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की दोन दिवस पिण्याचं पाणी उकळून घ्या, अडीच ग्रॅमच्या हिशेबाने पावडर टाका आणि पुन्हा तीच काचेची बाटली भरून ओट्यावर ठेवा. सकाळी तळाला माती दिसली तर ओट्याची भेग कुठे राहिली ते पाऊस चालू असतानाच शोधा. पाणी कुठे मुरतं ते तेव्हाच डोळ्यांना दिसतं.